जनुक-शमन आणि पेशींतील संदेशवहनाचा शोध

पेशींतील संदेशवहनाचा कोणताही मार्ग उलगडताना दोन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात: साखळीत कोणकोणती प्रथिने आहेत, आणि त्यांतले कोणते कोणाच्या आधी काम करते. इन्शुलिनचा रेणू स्नायूपेशीच्या पटलावरील ग्राहीला चिकटला, की काही मिनिटांत आत मोठी उलथापालथ होते. एका प्रथिनाला फॉस्फेट जोडला जातो, दुसरे पटलाकडे सरकते, तिसरे केंद्रकातून बाहेर काढले जाते, आणि शेवटी पेशी रक्तातली साखर आत घेऊ लागते. सुरुवात आणि शेवट मोजता येतो. मधले दुवे मात्र दिसत नाहीत. दोन प्रथिने एकमेकांना चिकटतात हे परीक्षानळीत दाखवता येते, पण तेवढ्यावरून जिवंत पेशीत ती एकमेकांना संदेश देतात असे ठरत नाही. त्यासाठी एक घटक काढून घ्यावा लागतो आणि संदेश पुढे पोहोचतो की नाही ते पाहावे लागते. जनुक-शमनात नेमके हेच केले जाते. डीएनएमधील जनुक जागेवरच राहते, पण त्याचा मेसेंजर आरएनए नष्ट केला जातो किंवा तयारच होऊ दिला जात नाही. नवे प्रथिन बनत नाही आणि जुने हळूहळू ओसरते.

हे तंत्र येण्याआधी घटक काढून घेण्याचे दोन मार्ग होते. पहिला उत्परिवर्तनांचा. फळमाशी, यीस्ट आणि सूत्रकृमी यांच्यातील उत्परिवर्तित वाण शोधून संदेशमार्गांचे पहिले आराखडे उभे राहिले, पण एकेका जनुकामागे वर्षे खर्ची पडत, आणि माणसाच्या पेशींत हा रस्ता जवळजवळ बंदच होता. दुसरा मार्ग औषधांचा. संदेशवहनातली बरीचशी कामे कायनेज, म्हणजे फॉस्फेट जोडणारी विकरे करतात. मानवी जनुकसंचात त्यांची संख्या ५१८ मोजली गेली आहे, आणि एटीपीचा रेणू बसण्याची त्यांची खाच बरीच सारखी असते. त्यामुळे एकाला रोखायला दिलेले रसायन शेजारच्या चार कायनेजांनाही रोखते, आणि परिणाम नेमका कशाचा हे सांगता येत नाही. १९७८ मध्ये पॉल झॅमेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी पूरक क्रमाचा छोटा डीएनए वापरून विषाणूची वाढ रोखून दाखवली होती. ही कल्पना पुढे औषधनिर्मितीत रुजली, तरी रोजच्या प्रयोगांसाठी ते तंत्र लहरीच ठरले.

आरएनएमुळे जनुके गप्प होतात, याच्या खुणा आधी वनस्पतींत दिसल्या. १९९० च्या सुमारास पेटुनियाचा जांभळा रंग आणखी गडद करण्यासाठी रंगद्रव्याच्या जनुकाची जादा प्रत घातली, तेव्हा काही फुले चक्क पांढरी उमलली. १९९५ मध्ये सूत्रकृमीवरील एका प्रयोगात जनुकाचा पूरक आरएनए आणि तुलनेसाठी घेतलेला मूळ दिशेचा आरएनए, दोन्हींनी सारखाच परिणाम घडवला. हे कोडे कोणाला सुटले नाही. उत्तर १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी दिले. सूत्रकृमीच्या स्नायूंतील एका जनुकाचा दुपदरी आरएनए टोचला, की कृमी त्या जनुकाच्या उत्परिवर्तित वाणाप्रमाणे थरथरू लागतो. एकपदरी आरएनएचा परिणाम जेमतेम होतो. पेशीमागे मोजकेच रेणू पुरतात, यावरून आत काहीतरी वर्धन करणारी यंत्रणा आहे हे उघड झाले. या कामाला २००६ चे नोबेल मिळाले.

ती यंत्रणा पुढच्या पाचसहा वर्षांत उलगडली. डायसर नावाचे विकर लांब दुपदरी आरएनएचे २१ ते २३ न्यूक्लिओटाइडांचे तुकडे करते. त्यांतला एक पदर अर्गोनॉट या प्रथिनाभोवती जमलेल्या संकुलात बसतो, आपल्याशी जुळणारा मेसेंजर आरएनए हेरतो, आणि अर्गोनॉट तो कापून टाकते. पेशी हीच यंत्रणा स्वतःच्या मायक्रोआरएनएंसाठीही वापरते. ही बाब पुढे या तंत्राच्या मुळावर येणार होती.

संदेशवहनाच्या अभ्यासकांना हे तंत्र खऱ्या अर्थाने हाती आले ते २००० साली, जॅक डिक्सन यांच्या प्रयोगशाळेने फळमाशीच्या एस-२ पेशींवर ते वापरले तेव्हा. प्रयोग अगदी साधा होता. सुमारे दहा लाख पेशींमागे पंधरा मायक्रोग्रॅम दुपदरी आरएनए सीरम नसलेल्या माध्यमात मिसळायचा, अर्धा तास थांबायचे, मग सीरम घालून तीन दिवस पेशी वाढू द्यायच्या. पेशी आरएनए स्वतःहून आत ओढून घेतात; ना विषाणू लागतो, ना चरबीचे आवरण. तीन दिवसांनी इन्शुलिन देऊन पेशी फोडायच्या आणि फॉस्फेट ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने कोणत्या प्रथिनापर्यंत संदेश पोहोचला ते वेस्टर्न ब्लॉटवर पाहायचे. फळमाशीतील एमईके कायनेजचे शमन केले, की इन्शुलिन देऊनही त्याच्या पुढचे ईआरके जागे होत नाही, हे त्या पट्ट्यांवर स्पष्ट दिसले. माशीची आणखी एक सोय होती. माणसात एमईके दोन, ईआरके दोन आणि एकेटी तीन. माशीत प्रत्येकी एकच. एकाची जागा दुसऱ्याने भरून काढण्याचा धोका त्यामुळे कमी होता.

सस्तन प्राण्यांच्या पेशींत मात्र लांब दुपदरी आरएनए चालत नाही. ३० न्यूक्लिओटाइडांपेक्षा लांब तुकडा दिसला, की पेशी त्याला विषाणू समजते, इंटरफेरॉनचा प्रतिसाद सुरू होतो आणि सगळेच प्रथिननिर्माण मंदावते. डायसरचे काम आधीच उरकून थेट २१ न्यूक्लिओटाइडांचे तुकडे दिले तर हा प्रतिसाद टळतो, हे थॉमस टुश्ल यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये रेने बर्नार्ड्स आणि रूव्हेन आगामी यांच्या गटाने असे आरएनए पेशीलाच तयार करायला लावणारा वाहक बनवला. त्यात आरएनए केसाच्या पिनेसारखा स्वतःवर दुमडतो आणि डायसर त्याला कापून घेते. लेंटिव्हायरसातून असा वाहक जनुकसंचात बसवला, की शमन काही दिवसांपुरते न राहता पिढ्यान्‌पिढ्या टिकते. माणसाच्या जवळपास प्रत्येक जनुकासाठी असे संच तयार झाले आणि एका वेळी हजारो जनुकांची चाळणी करणे शक्य झाले.

या तंत्राने संदेशवहनात नेमकी काय भर घातली, हे एकेटीच्या उदाहरणात सर्वांत चांगले दिसते. एकेटी हे कायनेज इन्शुलिन आणि वाढघटकांच्या मार्गात मध्यवर्ती आहे आणि अनेक कर्करोगांत ते अतिसक्रिय असते. पूर्ण जागे होण्यासाठी त्याला दोन ठिकाणी फॉस्फेट लागतो: ३०८ क्रमांकाच्या थ्रिओनिनवर आणि ४७३ क्रमांकाच्या सेरीनवर. पहिला फॉस्फेट पीडीके-१ जोडते, हे १९९७ मध्येच कळले होते. दुसरा कोण जोडते, हा वाद मात्र पुढे सातआठ वर्षे चालला. अनेक कायनेजांची नावे पुढे आली आणि मागे पडली. २००५ मध्ये डेव्हिड साबातिनी यांच्या प्रयोगशाळेतील दोस सर्बासॉव्ह आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले: एमटॉर, पण रिक्टर या प्रथिनाशी जोडलेले.

एमटॉर पेशीत दोन संकुलांत असते. एकात त्याच्या जोडीला रॅप्टर असते, दुसऱ्यात रिक्टर. रॅपामायसिन हे औषध रॅप्टरवाल्या संकुलाला रोखते. रिक्टरवाल्याला ते थोड्या वेळात रोखू शकत नाही. अभ्यासकांच्या हाती एवढे एकच औषध होते आणि ते देऊनही एकेटीवरचा फॉस्फेट टिकून राहत असल्याने एमटॉरवर संशय घेण्याचे कारणच नव्हते. रसायनाला न जमणारी ही फारकत शमनाने केली. माशीच्या पेशींत रिक्टरचे शमन केल्यावर एकेटीवरचा तो फॉस्फेट घटला. रॅप्टरचे केल्यावर उलट वाढला. माणसाच्या अनेक प्रकारच्या पेशींतही तसेच घडले. रॅप्टर गेल्यावर फॉस्फेट वाढतो, कारण त्या संकुलाच्या पुढचे एस-६ कायनेज एरवी इन्शुलिनच्या मार्गाला वरच्या टप्प्यावर आवर घालत असते. तो आवर सुटतो. गटाने शमनावरच विसंबून न राहता पेशींतून रिक्टरचे संकुल बाहेर काढले आणि ते परीक्षानळीत एकेटीवर फॉस्फेट जोडते हेही दाखवले. पुढच्याच वर्षी रिक्टरचे संकुल जनुक-पातळीवर मोडलेल्या उंदरांवरून निष्कर्ष पक्का झाला आणि त्यात एक अनपेक्षित भरही पडली. ४७३ वरचा फॉस्फेट पूर्ण नाहीसा झाला, तरी एकेटीची सगळी कामे थांबली नाहीत; एकेटीच्या पुढच्या फॉक्सओ प्रथिनांना आवरणे तेवढे बिघडले. संदेशमार्गाच्या अभ्यासात शमन, जैवरसायन आणि उत्परिवर्तन यांची सांगड कशी असावी, याचा हा वस्तुपाठ आहे.

कॅल्शियमच्या मार्गाची कथा वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेत कॅल्शियमचा साठा असतो. तो रिकामा झाला, की बाह्य पटलावरील वाहिन्या उघडतात आणि बाहेरून कॅल्शियम आत येते. जेम्स पुटनी यांनी ही कल्पना १९८६ मध्ये मांडली. विद्युतप्रवाह मोजून ती खरी असल्याचे दिसलेही, पण साठा रिकामा झाल्याची वर्दी पटलाला कोण देते आणि वाहिनी कशाची बनलेली आहे, हे जवळपास वीस वर्षे कळले नव्हते. २००५ मध्ये दोन गटांनी चाळणी लावली. एकाने माशीच्या पेशींत सुमारे १७० निवडक जनुकांची, तर दुसऱ्याने माणसाच्या पेशींत २,३०४ संदेशवाहक प्रथिनांची. दोघांच्याही हाती एकच नाव लागले, स्टिम. ते जालिकेच्या पटलात बसते, आतल्या कॅल्शियमची पातळी ओळखते, आणि साठा संपला की बाह्य पटलाजवळ पुंजके करून जमते.

वाहिनी पुढच्या वर्षी सापडली. अंजना राव यांच्या हार्वर्डमधील गटाकडे एका कुटुंबाची माहिती होती. त्यातील दोन मुलांना तीव्र प्रतिकारक्षमता-अभाव होता आणि त्यांच्या टी-पेशींत कॅल्शियम शिरतच नव्हते. कुटुंबाच्या आनुवंशिक विश्लेषणातून दोष गुणसूत्राच्या एका पट्ट्यात असल्याचे कळले, पण त्या पट्ट्यात जनुके पुष्कळ होती. त्याच वेळी माशीच्या संपूर्ण जनुकसंचाची शमन-चाळणी लावली होती. तिच्यात सापडलेल्या एका अनोळखी जनुकाचे मानवी भावंड नेमके त्या पट्ट्यात निघाले. हेच ओराय-१. मुलांमध्ये त्याच्या ९१ व्या जागी आर्जिनीनऐवजी ट्रिप्टोफॅन आले होते. आणखी दोन गट त्याच सुमारास स्वतंत्र चाळण्यांतून याच प्रथिनापर्यंत पोहोचले. माशीतील शमनाचा आणि रुग्णाच्या आजाराचा धागा इतक्या थेटपणे जुळल्याची उदाहरणे फार नाहीत. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गायती हसन यांच्या गटाने पुढे ही दोन्ही जनुके माशीच्या मज्जापेशींत शमवली. माश्यांची उडण्याची क्षमता गेली, आणि प्रतिकारपेशींत ओळखला गेलेला हा मार्ग मज्जासंस्थेतही लागतो हे सिद्ध झाले.

दोन चाळण्या थेट आजारांपर्यंत पोहोचल्या. २००३ मध्ये बर्नार्ड्स यांच्या गटाने प्रथिनांवरची युबिक्विटिन ही खूण काढून घेणाऱ्या ५० विकरांचे एकेक करून शमन केले. सीवायएलडी हे प्रथिन गेले, की दाह आणि पेशींचे तगून राहणे घडवणारा एनएफ-कप्पा-बी मार्ग बेलगाम होतो, हे त्यातून दिसले. सीवायएलडीतील दोषामुळे डोक्यावर गाठींचा एक आनुवंशिक आजार होतो हे आधी माहीत होते. का होतो, ते आता कळले. दुसरे उदाहरण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे. बीआरएएफ कायनेजमधील एकाच उत्परिवर्तनावर दिलेले वेमुराफेनिब मेलानोमात चांगले लागू पडे, आतड्याच्या गाठींत मात्र जवळजवळ निकामी ठरे. अनिरुद्ध प्रहल्लाद आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये आतड्याच्या कर्करोगपेशींत मानवी कायनेजांची चाळणी लावली. कोणते कायनेज शमवले असता औषध चालू लागते, एवढाच प्रश्न होता. उत्तर आले ईजीएफआर, म्हणजे पटलावरील एक ग्राही. बीआरएएफ रोखला, की वरच्या ग्राहीवरचा आवर सुटतो आणि तो दुसऱ्या वाटेने संदेश पुढे रेटतो. मेलानोमाच्या पेशींत तो ग्राही मुळातच कमी असतो. दोन्ही एकदम रोखणारी एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब ही जोडी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये मंजूर केली.

इतके यश पदरी असतानाच या तंत्राचा मोठा दोष पुढे आला. २००३ मध्ये एका गटाने आयजीएफ-१ ग्राही आणि पी-३८ कायनेज, म्हणजे संदेशवहनातीलच दोन जनुकांविरुद्धचे आरएनए दिले आणि पेशीतील सगळ्या जनुकांची पातळी मोजली. अवघी ११ न्यूक्लिओटाइडे सलग जुळणारे अनोळखी जनुकही घटले होते. पुढे कारण स्पष्ट झाले. तुकड्याच्या टोकाजवळची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची न्यूक्लिओटाइडे जुळली, तरी पेशी त्याला मायक्रोआरएनए समजते आणि शेकडो भलत्याच संदेशांना दाबते. संदेशवहनाच्या अभ्यासात हा दोष अधिकच घातक ठरतो. ज्या मार्गाचा अंतिम परिणाम मोजायचा, त्याच मार्गाचा एखादा मुख्य ग्राही चुकून दबला, तर लक्ष्य कोणतेही असो, निकाल होकारार्थीच येतो. टीजीएफ-बीटा मार्गावरील २०११ च्या एका मोठ्या चाळणीत असेच घडले. अव्वल ठरलेल्या आरएनएंपैकी अनेकांचा परिणाम त्यांच्या लक्ष्यामुळे नव्हता. ते त्या मार्गाच्या ग्राहीचाच संदेश दाबत होते. एचआयव्हीला लागणाऱ्या मानवी जनुकांच्या तीन चाळण्या २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांच्या याद्यांत सामाईक नावे फारच थोडी निघाली.

बाकीच्या मर्यादा तंत्राच्या स्वभावातल्याच आहेत. शमन क्वचितच पूर्ण असते. विकराचा एकच रेणू पुन:पुन्हा काम करतो, म्हणून कायनेजची दहा टक्के मात्रा उरली तरी संदेश पूर्ववत जाऊ शकतो आणि आवश्यक प्रथिन अनावश्यक भासते. तसेच परिणाम न दिसण्याचे कारण जुळे प्रथिनही असू शकते. पण संदेशवहनाच्या अभ्यासकाला सर्वांत जास्त अडचण वेळेची येते. इन्शुलिनचा संदेश मिनिटांत पोहोचतो. प्रथिन ओसरायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्या अवधीत पेशी स्वतःला सावरून घेते: आवर घालणारी वळणे बदलतात, पर्यायी ग्राही वाढतात. अभ्यासकाला दिसते ती घटक काढल्यानंतर सावरलेली पेशी. रॅप्टर काढल्यावर एकेटी वाढण्याचे निरीक्षण म्हणूनच जपून वाचावे लागते. ते तात्काळ परिणामाचे नसून बदललेल्या समतोलाचे आहे.

यातून प्रयोगाची शिस्त घडत गेली. एकाच जनुकाविरुद्ध वेगवेगळ्या क्रमांचे किमान दोन आरएनए सारखाच परिणाम देतात का, हे पाहणे आता सक्तीचेच मानले जाते. मेसेंजर आरएनए घटला एवढे पुरत नाही, प्रथिन घटल्याचे ब्लॉटवर दाखवावे लागते. उपयुक्त नियंत्रण म्हणजे मधल्या नवव्या ते अकराव्या जागा बदललेला आरएनए: तो मूळ लक्ष्य कापत नाही, पण टोकाचा क्रम तोच असल्याने भलते परिणाम जसेच्या तसे ठेवतो. त्यानेही परिणाम दिसला, तर निकाल खोटा. आणि सर्वांत भक्कम पुरावा पुनःस्थापनेचा: तेच प्रथिन बनवणारे, पण क्रम किंचित बदलल्याने शमनाला दाद न देणारे जनुक पेशीत घालायचे. संदेश पूर्ववत झाला तरच परिणाम त्या प्रथिनामुळे. ही पुनःस्थापना कष्टाची असल्याने बरेच जण टाळतात, आणि पुढे कोसळलेल्या निष्कर्षांत ती नसल्याचे वारंवार आढळते.

क्रिस्पर हे जनुक-संपादनाचे तंत्र आल्यावर जनुक डीएनएच्या पातळीवरच मोडणे सोपे झाले आणि जुन्या निष्कर्षांची फेरतपासणी सुरू झाली. एमईएलके या कायनेजचे शमन केल्यावर स्तनाच्या कर्करोगपेशी मरतात, असे दाखवणारे निबंध बरेच होते आणि त्याला रोखणारे औषध रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले होते. २०१७ मध्ये जेसन शेल्टझर यांच्या गटाने क्रिस्परने एमईएलके पूर्ण काढून टाकले. पेशी नेहमीसारख्या वाढल्या, आणि ते औषध एमईएलके नसलेल्या पेशींनाही तितकेच मारत राहिले.

म्हणून शमन कालबाह्य झाले असे मानणे चुकीचे आहे. झेब्राफिशमधील एका रक्तवाहिनी-जनुकावरचे २०१५ चे काम उलट बाजू दाखवते. त्याचे शमन केले की रक्तवाहिन्या बिघडत. जनुक मोडलेले मासे मात्र जवळजवळ निरोगी असत. शमन खोटे होते असे वाटले, पण मोडलेल्या जनुकाच्या माशांनी नात्यातल्या दुसऱ्या प्रथिनांचे उत्पादन वाढवून उणीव भरून काढली होती. शमनात ती भरपाई होत नव्हती. शिवाय पेशीला जगायला जे जनुक लागतेच, ते मोडले तर पाहण्यासारखे काही उरत नाही. अर्धवट शमन तिथे कामाला येते, आणि बहुतेक औषधांचा परिणामही अर्धवट शमनासारखाच असतो. २०१३ पासून वापरात आलेला क्रिस्परचाच एक प्रकार डीएनए न कापता जनुकाच्या सुरुवातीला अडथळा बसवतो आणि मेसेंजर आरएनए बनूच देत नाही. त्याचे भलते परिणाम आरएनए-शमनापेक्षा बरेच कमी असतात. वेळेच्या प्रश्नावर उपाय म्हणून प्रथिनालाच खूण जोडून ते तासाभरात पेशीकडूनच नष्ट करवण्याच्या पद्धती आल्या आहेत, आणि मिनिटांत घडणाऱ्या संदेशांसाठी आज त्याच सर्वांत योग्य आहेत.

नवा, अनोळखी दुवा शोधायचा असेल तर संपूर्ण जनुकसंचाची चाळणी, आता शक्यतो क्रिस्परची, हेच योग्य साधन आहे. माहीत असलेल्या दुव्यांचा क्रम ठरवायचा असेल तर झटपट नष्ट होणारे प्रथिन आणि परीक्षानळीतला पुरावा हवा. एकाच आरएनएवर, पुनःस्थापनेविना उभा असलेला कोणताही दुवा आराखड्यात तुटक रेषेनेच दाखवला जावा. २००२ ते २०१० दरम्यानच्या निबंधांत असे दुवे आजही शिल्लक आहेत आणि त्यांच्यावर पुढचे काम रचण्याआधी ते पुन्हा तपासून घ्यावेत.